सोळा कोअर लावूनही ट्रॅजेक्टरीच्या विश्लेषणाचा वेग दुप्पटच का वाढतो?

प्रश्न थोडक्यात असा आहे. पाण्यात ठेवलेल्या एका प्रथिनाच्या अणूंच्या हालचालींचे सिम्युलेशन ग्रोमॅक्स या कार्यक्रमात पूर्ण झाले आहे. प्रणालीत सुमारे १ लाख अणू आहेत, त्यांतले साधारण ५,००० प्रथिनाचे. बाकी जवळजवळ सगळे पाणी. ट्रॅजेक्टरी, म्हणजे अणूंच्या स्थानांची क्रमवार नोंद, एक्सटीसी या दाबलेल्या फाइलच्या स्वरूपात असून तिच्यात ५०,००१ फ्रेम, म्हणजे एकेका क्षणाच्या नोंदी, आहेत. तिच्यावरून प्रथिनाचा आरएमएसडी (संदर्भ-रचनेपासून प्रत्येक फ्रेमचे सरासरी विचलन) आणि आरएमएसएफ (प्रत्येक अणूचे आपल्या सरासरी स्थानापासूनचे विचलन), प्रथिनापासून ३.५ अँगस्ट्रॉमच्या आत असलेल्या पाण्याच्या रेणूंची संख्या आणि पाण्याचा विसरण गुणांक (रेणू किती वेगाने पसरतात त्याचे माप) काढायचा आहे. एमडीअ‍ॅनालिसिस हे ग्रंथालय (तयार कोडचा संच) वापरून लिहिलेली पायथॉन स्क्रिप्ट मुख्य प्रोसेसमध्ये एकेक फ्रेम वाचते आणि तिचे सहनिर्देशक मल्टिप्रोसेसिंगच्या पूलमधील १६ वर्करपैकी (समांतर चालणाऱ्या प्रोसेसपैकी) एकाकडे पाठवते. वेग मात्र दुपटीच्या पुढे जात नाही. तेव्हा ३२ कोअरचे मशीन मिळवावे काय, असे विचारले आहे.

नवे मशीन मिळवण्याच्या खटपटीत सध्या पडू नये, कारण या स्क्रिप्टला ३२ कोअर दिले तरी फरक नजरेत भरणार नाही. जीन अ‍ॅम्डाल यांनी १९६७ मध्ये मांडलेला युक्तिवाद इथे थेट लावता येतो: कामाचा जो भाग विभागता येत नाही, तोच एकूण वेगाला मर्यादा घालतो. १६ कोअरवर वेग दुप्पट होतो, यावरून उलट गणित केले तर एकूण कामाचा सुमारे ४७ टक्के भाग एकामागून एक असाच चालतो आहे, असे निघते. हा वाटा तसाच राहिला तर कोअर कितीही वाढवले तरी वेग मूळच्या सव्वादोन पटींपर्यंतसुद्धा पोहोचणार नाही. तोच वाटा ५ टक्क्यांवर आणला, तर आहे त्याच १६ कोअरवर नऊ पटींहून अधिक वेग मिळू शकतो. म्हणून तो ४७ टक्के भाग नेमका कोणता, हे आधी शोधावे लागते.

ते शोधण्याची रीत सोपी आहे. एकाच प्रोसेसमध्ये ट्रॅजेक्टरीच्या काही हजार फ्रेमवरून नुसता लूप फिरवावा, आत काहीही मोजू नये, आणि लागलेला वेळ टिपावा. मग त्याच फ्रेमवर प्रत्यक्ष गणना लावून पुन्हा वेळ टिपावा. दोन्हींतला फरक हा गणनेचा खर्च आणि पहिला आकडा हा वाचनाचा खर्च. ही चाचणी लागोपाठ दोनदा केली की दुसऱ्या वेळी फाइल डिस्कवरून न येता ऑपरेटिंग सिस्टिमने मेमरीत जपून ठेवलेल्या प्रतीतून येते आणि वाचन फसवे जलद दिसते. त्यामुळे दर वेळी फाइलचा वेगळा पट्टा घ्यावा. आरएमएसडीसारख्या हलक्या गणनेत बहुतेक वेळ वाचनातच जातो, असे तुम्हाला जवळपास खात्रीने दिसेल. आरएमएसडीसाठी प्रथिनाचे ५,००० अणू पुरतात, पण एक्सटीसी फाइल प्रत्येक फ्रेममधले सर्व १ लाख अणू उलगडल्याशिवाय त्यांतला एकही हाती देत नाही.

एक्सटीसीचे हे स्वरूप नीट समजून घेण्यासारखे आहे, कारण पुढचे बरेच काही त्यावर अवलंबून आहे. १ लाख अणूंचे तीन-तीन सहनिर्देशक, प्रत्येकी ४ बाइट, म्हणजे एक फ्रेम १.२ मेगाबाइटची होते आणि ५०,००० फ्रेमचे ६० गिगाबाइट होतात. एक्सटीसीमध्ये सहनिर्देशक ठरावीक अचूकतेपर्यंत, नेहमीच्या मांडणीत ०.००१ नॅनोमीटरपर्यंत, पूर्णांकात बदलून दाबून साठवले जातात, त्यामुळे डिस्कवरची फाइल बरीच लहान राहते. पण या बचतीची किंमत दोन ठिकाणी मोजावी लागते. पहिली म्हणजे प्रत्येक फ्रेम वाचताना ती उलगडावी लागते आणि हे काम डिस्कचे नसून प्रोसेसरचे आहे. दुसरी म्हणजे दाबलेल्या फ्रेमची लांबी दर वेळी वेगळी असल्याने दहा हजारावी फ्रेम फाइलमध्ये कुठे सुरू होते हे गुणाकार करून सांगता येत नाही, त्यासाठी एकदा संपूर्ण फाइल चाळून सूची तयार करावी लागते.

आता तुमच्या स्क्रिप्टकडे पाहू. मुख्य प्रोसेस एकटी फ्रेम वाचते, म्हणजे उलगडण्याचे सगळे काम एकाच कोअरवर पडते. त्यानंतर ती १.२ मेगाबाइटचा अ‍ॅरे पिकल करून (बाइटच्या ओळीत बदलून) पाइपमधून वर्करकडे ढकलते, वर्कर तो पुन्हा उघडतो आणि क्षणार्धात आरएमएसडी काढून पुढच्या फ्रेमची वाट पाहत बसतो. एका वाढप्याने पंधरा-सोळा पानांच्या पंगतीत एकेक घास वाढत फिरावे, तसा हा प्रकार आहे. वर्करना सहनिर्देशक पाठवूच नयेत. त्यांना फक्त दोन आकडे द्यावेत, आपल्या वाट्याची पहिली फ्रेम आणि शेवटची फ्रेम. ट्रॅजेक्टरी प्रत्येक वर्करने आपली आपण उघडावी, आपल्या तुकड्यातल्या फ्रेम स्वतः वाचाव्यात आणि परत पाठवताना केवळ निकाल पाठवावा. आरएमएसडीचा निकाल म्हणजे फ्रेममागे एक संख्या. असे केल्याने उलगडण्याचे काम १६ कोअरवर विभागले जाते आणि प्रोसेसमधली ने-आण नगण्य होते. एमडीअ‍ॅनालिसिसच्या २.८ आवृत्तीपासून हीच व्यवस्था ग्रंथालयातच आली आहे. आरएमएसडीच्या वर्गाला रन करताना मल्टिप्रोसेसिंग किंवा डास्क हा बॅकएंड (काम वाटणारी यंत्रणा) आणि वर्करची संख्या दिली की तुकडे पाडणे आणि निकाल जोडणे ते स्वतः करते. नवे काही लिहिण्याआधी ही सोय वापरून पाहावी.

इथे एक गोष्ट सहज नजरेतून सुटते. वर सांगितलेली सूची एमडीअ‍ॅनालिसिस ट्रॅजेक्टरीच्याच फोल्डरमध्ये, नावाच्या आधी टिंब असलेल्या लपलेल्या फाइलमध्ये साठवते आणि पुढच्या वेळी तीच वापरते. पण ट्रॅजेक्टरी जिथे ठेवली आहे तिथे तुम्हाला लिहिण्याची परवानगी नसेल, तर सूची साठवली जात नाही आणि प्रत्येक वर्कर उघडताना संपूर्ण फाइल नव्याने चाळतो. सोळा वर्कर एकाच वेळी एकच मोठी फाइल चाळू लागले की कार्यक्रम अडकल्यासारखा वाटतो आणि दोष समांतर संगणनाला दिला जातो. म्हणून फाइल लिहिता येण्याजोग्या जागी ठेवावी, एकदा एकट्या प्रोसेसने उघडून सूची तयार करून घ्यावी आणि मगच वर्कर सुरू करावेत.

कोअर वाढवण्यापेक्षा जास्त लाभ बहुधा काम कमी करण्यात असतो. प्रथिनाचा आरएमएसडी आणि आरएमएसएफ यांच्यासाठी पाणी वगळलेली ट्रॅजेक्टरी एकदाच लिहून ठेवावी. अणू १ लाखावरून ५,००० वर येतात, म्हणजे फाइल सुमारे वीस पटींनी लहान होते, आणि मग संपूर्ण विश्लेषण एका कोअरवरसुद्धा इतक्या लवकर आटोपते की समांतर करण्याचे कारण उरत नाही. पुढच्या सिम्युलेशनच्या वेळी ग्रोमॅक्सच्या एमडीपी या सेटिंगच्या फाइलमध्ये कम्प्रेस्ड-एक्स-जीआरपीएस हा पर्याय देऊन केवळ हवे तेच गट एक्सटीसीमध्ये लिहवून घेता येतात, परंतु पाण्याविषयी प्रश्न विचारायचे असतील तर हा मोह आवरावा. तसेच सलग फ्रेममधील रचना एकमेकींशी घट्ट निगडित असतील, तर त्या सगळ्या मोजल्याने सरासरीची अचूकता फारशी वाढत नाही. दर दहावी फ्रेम घेऊन तोच निष्कर्ष निघतो का, हे आधी पाहावे.

पाण्याचे रेणू मोजण्याच्या बाबतीत तर पद्धत बदलल्याशिवाय गत्यंतर नाही. प्रथिनाचे ५,००० अणू आणि पाण्याचे सुमारे ३१,००० ऑक्सिजन यांच्यातली सर्व अंतरे काढली तर एका फ्रेममागे साडेपंधरा कोटी संख्या होतात. प्रत्येक संख्या ८ बाइटची धरली तर तो तक्ता सव्वा गिगाबाइटचा होतो. सोळा वर्करनी एकाच वेळी असे तक्ते उभे केले की २० गिगाबाइट मेमरी निव्वळ त्यांतच जाते, मशीन स्वॅप, म्हणजे मेमरीऐवजी डिस्क, वापरू लागते आणि सोळा कोअरचे काम एका कोअरपेक्षाही मागे पडते. वास्तविक यांतली जवळजवळ सगळी अंतरे ३.५ अँगस्ट्रॉमच्या कितीतरी पलीकडची असून ती काढून लगेच फेकून द्यायची असतात. अवकाशाचे लहान घनाकार कप्पे पाडून फक्त शेजारच्या कप्प्यांतील अणू तपासणारी पद्धत वापरली की खर्च अणूंच्या जोड्यांच्या प्रमाणात न वाढता अणूंच्या संख्येच्या प्रमाणात वाढतो. एमडीअ‍ॅनालिसिसमधील कॅप्ड डिस्टन्स हे फंक्शन कमाल अंतर विचारते आणि अशीच पद्धत निवडते. त्याला बॉक्सची (सिम्युलेशनच्या पेटीची, जिची एक बाजू विरुद्ध बाजूला लागून आहे असे मानतात) मापे द्यायला विसरू नये, नाहीतर बॉक्सच्या कडेला आलेल्या प्रथिनाभोवतीचे पाणी गाळले जाते आणि आकडा मुकाट्याने चुकतो. कोणते अणू घ्यायचे हे सांगणारी निवडीची वाक्येही लूपच्या बाहेर एकदाच सोडवून ठेवावीत. ती प्रत्येक फ्रेममध्ये नव्याने वाचली जात असतील तर हा किरकोळ वाटणारा खर्चही ५०,००० वेळा भरावा लागतो.

यानंतर प्रश्न येतो की कोणती गणना कशी विभागावी, आणि माझ्या मते या विषयाचा गाभा इथेच आहे. आरएमएसडी, जायरेशन त्रिज्या (रेणू किती पसरलेला आहे त्याचे माप), संपर्कांची संख्या, आरडीएफ (अणूभोवती ठरावीक अंतरावर दुसरे अणू किती दाट आहेत त्याचे माप) या गणना प्रत्येक फ्रेमवर स्वतंत्रपणे होतात, त्यामुळे काळाचे तुकडे पाडावेत आणि निकाल एकामागे एक लावावेत किंवा बेरजेत मिळवावेत. आरएमएसएफचे तसे नाही. तो प्रत्येक अणूच्या सरासरी स्थानापासूनच्या विचलनावर आधारलेला असतो आणि सरासरी स्थान संपूर्ण ट्रॅजेक्टरी पाहिल्याशिवाय कळत नाही. सोळा तुकड्यांचे सोळा आरएमएसएफ काढून त्यांची सरासरी घेणे साफ चूक आहे, कारण प्रथिन एका तुकड्यातून दुसऱ्यात जाताना ज्या संथ हालचाली करते त्या अशा सरासरीतून निसटतात आणि उत्तर खऱ्यापेक्षा कमी येते. योग्य रीत अशी की प्रत्येक वर्करने आपल्या तुकड्यातील फ्रेमची संख्या, प्रत्येक अणूचे सरासरी स्थान आणि त्या सरासरीपासूनच्या विचलनांच्या वर्गांची बेरीज अशा तीन गोष्टी परत कराव्यात. दोन तुकडे जोडताना वर्गांच्या दोन्ही बेरजा मिळवायच्या आणि त्यांत आणखी एक पद मिळवायचे: दोन्ही सरासरींमधील अंतराचा वर्ग, गुणिले दोन्ही तुकड्यांतील फ्रेमच्या संख्यांचा गुणाकार, भागिले त्या संख्यांची बेरीज. हे शेवटचे पद म्हणजे तुकड्या-तुकड्यांमधली संथ हालचाल. शेवटी वर्गांच्या एकूण बेरजेला एकूण फ्रेमनी भागून वर्गमूळ घेतले की उत्तर एका प्रोसेसने काढलेल्या आरएमएसएफशी जुळते. एमडीअ‍ॅनालिसिसमधील आरएमएसएफचा वर्ग समांतर चालत नाही, त्यामुळे ही जोडणी तुम्हाला स्वतः लिहावी लागेल. मात्र पाणी काढलेल्या लहान फाइलवर ती लिहिण्याची गरज पडते का, हे आधी पाहा. आणखी एक अट म्हणजे सर्व वर्करनी प्रथिन एकाच संदर्भ-रचनेवर बसवलेले असले पाहिजे. प्रत्येकाने आपापल्या तुकड्याची पहिली फ्रेम संदर्भ म्हणून धरली तर जोडणीला काही अर्थ राहत नाही.

विसरण गुणांक हे यांतले सर्वांत अवघड प्रकरण. त्यासाठी रेणूंच्या विस्थापनाच्या वर्गाची सरासरी लागते, आणि रेणू आवर्ती बॉक्सच्या एका बाजूने बाहेर पडून दुसऱ्या बाजूने आत येत असल्याने त्यांचे मार्ग आधी सलग करावे लागतात. हे करताना प्रत्येक फ्रेम मागच्या फ्रेमवर अवलंबून असते, म्हणून काळाचे तुकडे सरळ पाडता येत नाहीत. फ्रेम वगळण्याआधीच मार्ग सलग करावेत, कारण दोन फ्रेममध्ये रेणू बॉक्सच्या निम्म्याहून अधिक सरकला तर तो कोणत्या बाजूने गेला हे ओळखण्याचा उपाय राहत नाही.

एकदा मार्ग सलग झाले की विभागणी काळाची न करता रेणूंची करावी, कारण प्रत्येक रेणूची गणना इतरांपासून स्वतंत्र आहे. अडचण अशी की फाइल फ्रेमच्या क्रमाने लिहिलेली असते आणि आपल्याला एका रेणूची सर्व फ्रेममधली स्थाने एकत्र हवी असतात. ३१,००० ऑक्सिजनच्या ५०,००० फ्रेम म्हणजे साडेअठरा गिगाबाइटहून अधिक माहिती होते, ती प्रत्येक वर्करने मेमरीत घेणे शक्य नाही. म्हणून एकाच फेरीत ऑक्सिजनची सलग स्थाने नमपाय या पायथॉनमधील गणिती ग्रंथालयाच्या, डिस्कवरच राहणाऱ्या मेममॅप अ‍ॅरेत किंवा एचडीएफ५ फाइलमध्ये रेणूंच्या गटांनुसार मांडून घ्यावीत. एक हजार रेणूंचा गट सुमारे ६०० मेगाबाइटचा होतो, तो कोणताही वर्कर पेलू शकतो. प्रत्येक रेणूसाठी वेळांच्या सर्व जोड्या घेतल्या तर १२५ कोटी जोड्या होतात. फूरिये रूपांतर वापरले तर तेच काम काही कोटी गणितक्रियांत भागते. ही गणना दुहेरी अचूकतेत (८ बाइटच्या संख्यांत) करावी, कारण तिथे मोठ्या संख्यांची वजाबाकी होते आणि एकेरी अचूकतेत लहान कालांतरांचे आकडे बिघडतात. अर्थात पाण्यासाठी इतक्या लांब कालांतरांची गरज क्वचितच असते. लांब कालांतरांना नमुने कमी मिळतात आणि आलेखाचा तो भाग असाही सरळ रेषा बसवताना टाकून दिला जातो. कालांतराची मर्यादा १,००० फ्रेम ठेवली तर जोड्या ५ कोटींवर येतात आणि साधी पद्धतही पुरते. मला हाच मार्ग अधिक पसंत आहे, कारण तो तपासायला सोपा आहे.

फ्रेमच्या प्रत्येक जोडीचा आरएमएसडी काढून सारख्या रचनांचे समूह पाडण्याचे काम पुढे तुम्हाला करावेसे वाटेलच, म्हणून त्याविषयी थोडे सांगतो. १०,००० फ्रेमच्या जवळपास ५ कोटी जोड्या होतात आणि इथे मात्र वाचनापेक्षा गणनाच भारी असते, त्यामुळे अधिक कोअरचा आणि जीपीयूचाही खरा उपयोग होतो. फक्त तक्त्याच्या ओळी वर्करमध्ये सलग वाटू नयेत, कारण पहिल्या ओळीत ९,९९९ जोड्या असतात आणि शेवटच्या ओळीत एकही नसते. तक्त्याचे चौकोनी ठोकळे पाडून ते वाटावेत. ५०,००० फ्रेमसाठी हाच तक्ता, निम्मा भाग आणि ४ बाइटच्या संख्या ठेवूनही, ५ गिगाबाइटचा होतो, तेव्हा इथे फ्रेम वगळणे शहाणपणाचे.

थ्रेड (एकाच प्रोसेसमधले समांतर प्रवाह) वापरावेत की प्रोसेस, याचे उत्तर पायथॉनपुरते सरळ आहे. पायथॉनच्या नेहमीच्या बांधणीत ग्लोबल इंटरप्रिटर लॉकमुळे एका प्रोसेसमधील एकच थ्रेड एका वेळी पायथॉनचा कोड चालवू शकतो. २०२४ मध्ये आलेल्या ३.१३ आवृत्तीत हा लॉक नसलेली प्रायोगिक बांधणी मिळते, परंतु विश्लेषणाच्या कामाला अजून प्रोसेसच धराव्यात. मात्र नमपायच्या मागे चालणारी रेषीय बीजगणिताची ग्रंथालये आपणहून मशीनवरील सर्व कोअरवर थ्रेड उघडतात. १६ प्रोसेसनी प्रत्येकी १६ थ्रेड उघडले की २५६ थ्रेड १६ कोअरसाठी झगडतात. स्क्रिप्ट सुरू होण्यापूर्वी ओएमपी नम थ्रेड्स या एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलची किंमत १ करावी. त्याचप्रमाणे क्लस्टरवर कामे वाटून देणाऱ्या स्लर्म या कार्यक्रमाने तुम्हाला ८ कोअर दिले असले तरी पायथॉनचे सीपीयू काउंट फंक्शन संपूर्ण नोडचे (क्लस्टरमधल्या एका मशीनचे) कोअर सांगते. प्रोसेसला प्रत्यक्षात मिळालेले कोअर शेड गेट अ‍ॅफिनिटी सांगते, वर्करची संख्या त्यावरून ठरवावी.

एकाच प्रणालीची अनेक स्वतंत्र सिम्युलेशन असतील, तर वरचे बहुतेक सगळे बाजूला ठेवून स्लर्मच्या जॉब अ‍ॅरेमधून प्रत्येक ट्रॅजेक्टरीला एकेक स्वतंत्र, एका कोअरचे काम लावावे. त्यात जोडणीचा प्रश्न उद्भवत नाही आणि एक काम पडले तर तेवढेच पुन्हा लावता येते. एमपीआयकडे (अनेक नोडवरील प्रोसेसना जोडणाऱ्या पद्धतीकडे) वळावे ते एकच अवजड गणना अनेक नोडवर पसरायची असेल तेव्हा. सीपीपीट्राज हा ट्रॅजेक्टरी-विश्लेषणाचा कार्यक्रम ओपनएमपी (थ्रेडसाठी), एमपीआय आणि कुडा (जीपीयूसाठी) या तिन्ही रूपांत उपलब्ध असल्याने त्यासाठी नवा कोड लिहिण्याची पाळी सहसा येत नाही. आणि फाइल फिरत्या चकतीच्या साध्या डिस्कवर असेल तर सोळा ठिकाणांहून एकाच वेळी वाचण्यात डोके इकडेतिकडे फिरवण्यातच डिस्कचा वेळ जातो. अशा वेळी फाइल आधी नोडवरील एसएसडीवर उतरवून घ्यावी.

समांतर स्क्रिप्टवर भरवसा ठेवण्याआधी काही हजार फ्रेमवर एक वर्कर आणि अनेक वर्कर यांचे निकाल शेजारी ठेवून पाहावेत. पाण्याच्या रेणूंची संख्या पूर्णांक आहे, ती तंतोतंत जुळलीच पाहिजे. आरएमएसएफमध्ये शेवटच्या काही अंकांत फरक दिसेल, तो बेरजेचा क्रम बदलल्यामुळे येतो आणि त्याची चिंता नसावी. फरक पहिल्या तीन-चार अंकांतच दिसला तर संदर्भ-रचना किंवा जोडणीचे पद तपासावे. तुमच्या बाबतीत तुकड्यांच्या सीमांकडे विशेष लक्ष द्या. ५०,००० ला १६ ने भागले की नेमक्या ३,१२५ फ्रेम येतात, पण ग्रोमॅक्स शून्याव्या क्षणाची फ्रेमही लिहीत असल्यामुळे तुमच्याकडे एक फ्रेम जास्त आहे. पूर्णांक भागाकाराने तुकडे पाडणारी स्क्रिप्ट ती शेवटची फ्रेम काहीही न सांगता सोडून देते. शेवटच्या वर्करची सीमा थेट एकूण फ्रेमच्या संख्येवर बांधावी आणि परत आलेल्या निकालांची संख्या ५०,००१ भरते का, हे स्क्रिप्टनेच तपासावे.